आकस्मिक मेलेले जनावर आणि गावाचे आरोग्य

मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्यावर कोवळ्या गवताच्या आशेने जनावरे शिवारात सोडली जातात. त्याच सुमारास, आदल्या संध्याकाळपर्यंत व्यवस्थित रवंथ करीत असलेला एखादा बैल पहाटे दावणीला मरून पडलेला आढळतो. पोट फुगलेले असते, नाकातून व गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त पाझरत असते, आणि मृत्यूनंतर शरीर जसे ताठ व्हावयास पाहिजे तसे ते झालेले नसते. रात्री पान लागले असावे असे कोणी म्हणतो, कोणी विषबाधेचा तर्क करतो, आणि शेजाऱ्याशी वाकडे असल्यास संशय त्याच्यावरही जातो. मग कातडे तरी पदरात पडावे म्हणून जनावर सोलले जाते, कोठे कोठे मांसाचे वाटेही घातले जातात, उरलेले धड ओढ्याकाठी टाकले जाते आणि कुत्री, कावळे ते शिवारभर नेतात. आठवड्याच्या आत सोलणाऱ्याच्या हातावर एक पुळी उठते.

या रोगास काळपुळी किंवा फाशी असे म्हणतात. अँथ्रॅक्स हे त्याचे इंग्रजी नाव २००१ सालानंतर वृत्तपत्रांच्या द्वारे खेडोपाडी पोहोचले, परंतु ते पोहोचले ते टपालातून आलेल्या विषारी पुडीचे नाव म्हणून. जैविक हल्ल्याचे साधन म्हणून ज्या जंतूची जगाने धास्ती घेतली, तोच जंतू गुरांचा फार पुराणा वैरी आहे, ही गोष्ट त्या गदारोळात मागे पडली. वस्तुतः शेतकऱ्याच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. रोग मातीतून आलेला असो वा कोणा दुष्टाने पसरविलेला असो, त्याची पहिली खूण ओळखण्याचे आणि ती वेळेवर कळविण्याचे काम सारखेच असते, आणि ते बहुधा गोठ्यापासूनच सुरू होते.

जंतू आणि त्याचे बीजाणू

काळपुळीचा जंतू दंडाच्या आकाराचा असून रोगी जनावराच्या रक्तात तो अमाप संख्येने वाढतो. जर्मनीतील एका लहान गावी वैद्यकी करीत असलेल्या रॉबर्ट कॉख यांनी १८७६ मध्ये या जंतूचा जीवनक्रम जगापुढे मांडला. त्यांच्यापाशी मोठी प्रयोगशाळा नव्हती. उंदरांना टोचण्यासाठी त्यांनी लाकडाच्या बारीक सळ्या वापरल्या आणि जंतू वाढविण्यासाठी जनावराच्या डोळ्यातील द्रव वापरला. एखादा विशिष्ट जंतू एखादा विशिष्ट रोग उत्पन्न करतो, हे निर्विवादपणे सिद्ध होण्याचा पहिला मान अशा रीतीने गुरांच्या एका रोगाकडे जातो.

कॉख यांना जी मुख्य गोष्ट आढळली ती शेतकऱ्याने नीट समजून घेतली पाहिजे. जनावर जिवंत असेपर्यंत, किंवा मेल्यावरही त्याचे शरीर न उघडलेले असेपर्यंत, जंतू आपल्या नाजूक स्वरूपात असतो. शरीर कुजू लागले की कुजविणाऱ्या इतर जंतूंच्या माऱ्यापुढे तो टिकत नाही व थोड्याच दिवसांत बव्हंशी नाश पावतो. परंतु रक्त सांडून त्याला हवा लागली, म्हणजे तो आपल्याभोवती कठीण कवच निर्माण करून बीजाणूचे रूप धारण करतो. ज्वारीचा कोंब उन्हाने एका दिवसात करपतो, पण ज्वारीचा दाणा कणगीत वर्षानुवर्षे राहतो, तशातलाच हा प्रकार आहे. बीजाणू उन्हाने, थंडीने, सुकण्याने सहसा मरत नाही, काही मिनिटे उकळल्यानेही मरेलच असे नाही, आणि गोठ्यात शिंपडले जाणारे नेहमीचे फिनाईल त्याला पुरे पडत नाही. चुनखडीयुक्त, विम्ल जमिनीत तो दशकानुदशके पडून राहतो. उन्हाळ्यात गवत खुरटले म्हणजे जनावरे मातीलगत चरतात, वाळक्या काट्याकुट्यांनी त्यांचे तोंड सोलवटते, आणि अशा वेळी मातीबरोबर बीजाणू पोटात जातो. पुराच्या पाण्याने जुन्या पुरणीची माती वाहून कुरणात पसरली तरीही तसेच होते.

बीजाणू किती काळ जगतो याचे एक चमत्कारिक उदाहरण नॉर्वे देशातील आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ च्या आरंभी, उत्तर नॉर्वेत जर्मनीचा एक हस्तक पकडला गेला. त्याच्या सामानात साखरेचे खडे सापडले व त्या खड्यांत काळपुळीचे बीजाणू भरलेल्या बारीक काचेच्या नळ्या होत्या. सामानाची वाहतूक करणाऱ्या जनावरांना ते चारावयाचे, असा बेत होता. त्यांतील खडे ट्राँडहाइम येथील पोलीस संग्रहालयात पडून राहिले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीच्या वृत्तानुसार, सुमारे ८० वर्षांनंतरही त्यांतील काही बीजाणू जिवंत निघाले. ज्या खड्ड्यात आजोबांच्या काळी मेलेले जनावर पुरले, तेथे नातवाने गोठा बांधू नये, असे सांगावयाचे ते याच कारणाने.

रोगाचे शस्त्र कसे झाले

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळील ग्रुइनार्ड नावाच्या लहानशा बेटावर १९४२ मध्ये या जंतूचे प्रयोग केले. बेटावर मेंढ्या बांधून त्यांच्याजवळ बीजाणूंनी भरलेले बाँब उडविण्यात आले आणि थोड्याच दिवसांत मेंढ्या मेल्या. प्रयोग यशस्वी झाला खरा, परंतु त्यानंतर ते बेट माणसांना व जनावरांना वर्ज्य करावे लागले. १९८६ मध्ये समुद्राच्या पाण्यात मिसळलेले सुमारे २८० टन फॉर्मॅल्डिहाइड जमिनीवर ओतून ते शुद्ध करण्यात आले, आणि बंदी उठली ती १९९० मध्ये. काही प्रयोगांनी दूषित झालेली जमीन जवळजवळ अर्धे शतक पडीक राहिली. ज्याची जमीन हेच सर्वस्व आहे त्याला या एका गोष्टीवरून अशा शस्त्राचे स्वरूप कळून येईल.

१९७२ मध्ये जैविक शस्त्रांना बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार स्वाक्षरीसाठी खुला झाला व १९७५ मध्ये तो अंमलात आला. भारतानेही १९७४ मध्ये त्यास मान्यता दिली. करारावर सही करणाऱ्या सोव्हिएत संघाने मात्र आपले काम गुप्तपणे चालूच ठेवले. त्याचा परिणाम एप्रिल १९७९ मध्ये स्वेर्दलोव्स्क शहरात, म्हणजे आजच्या येकातेरिनबुर्गमध्ये, दिसला. तेथील लष्करी संस्थेतून काळपुळीचे बीजाणू हवेत सुटले आणि किमान ६६ माणसे मृत्यू पावली. सरकारने सांगितले की, लोकांनी रोगी जनावरांचे दूषित मांस खाल्ले. हे कारण अगदीच अशक्य नव्हते, आणि म्हणूनच ते बरीच वर्षे टिकले. १९९२ मध्ये रशियाचे अध्यक्ष बोरिस येल्त्सिन यांनी लष्कराकडील दोष मान्य केला.

खरे काय घडले ते उलगडण्यास जनावरांची मोठी मदत झाली. अमेरिकन शास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे जाऊन मृतांची घरे व कामाची ठिकाणे नकाशावर मांडली, तेव्हा ती लष्करी संस्थेपासून शहराच्या दक्षिण टोकापर्यंत एका अरुंद पट्ट्यात येतात असे दिसले. हाच पट्टा शहराबाहेर पुढे वाढविला असता, सुमारे ५० किलोमीटर अंतरापर्यंतची ज्या सहा गावांत मेंढ्या व गाई मेल्या होत्या ती गावे नेमकी त्याच ओळीत येत होती, आणि त्या दिवशी वाराही त्याच दिशेने वाहत होता. त्यांचा हा निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. दूषित मांसाने झालेला रोग वाऱ्याच्या रेषेत चालत नाही. कोणत्या गावी, कोणत्या तारखेस, कोणते जनावर मेले याची साधी नोंद एका मोठ्या शासनाच्या असत्यापेक्षा बलवत्तर ठरली, हे या प्रकरणातील विशेष आहे.

सप्टेंबर व ऑक्टोबर २००१ मध्ये अमेरिकेत टपालाच्या पाकिटांतून या जंतूचे बीजाणू पाठविण्यात आले. २२ जणांना लागण झाली व त्यांपैकी ५ जण दगावले. सुमारे १०,००० लोकांना ६० दिवस प्रतिजैविक औषध घेण्याचा सल्ला द्यावा लागला, कारण श्वासावाटे गेलेला बीजाणू फुप्फुसात कित्येक आठवडे निपचित पडून नंतर जागा होऊ शकतो. पहिला रोगी फ्लोरिडा राज्यातील होता. त्याच्या पाठीच्या कण्यातील द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या डॉक्टरांना दंडाकृती जंतू दिसले, त्यांना शंका आली व त्यांनी ती तत्काळ कळविली. अशा प्रसंगासाठी अमेरिकेने १९९९ मध्येच प्रयोगशाळांचे एक जाळे उभारून ठेवले होते, त्यामुळे निदान लवकर पक्के झाले. संशय अखेर त्याच देशाच्या लष्करी प्रयोगशाळेतील एका शास्त्रज्ञावर गेला. त्याने २००८ मध्ये आत्महत्या केल्यामुळे खटला उभा राहिला नाही व २०१० मध्ये तपास बंद करण्यात आला.

आधी जनावरे, मग माणसे

जनावरांच्या मृत्यूवरून माणसावरील संकट ओळखण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले, आणि पुढील वर्षांत तो रोग पश्चिम महाराष्ट्रातील गावोगावी फिरला. त्या काळच्या लोकांनी एक खूणगाठ बांधली होती. घरात उंदीर पडू लागले म्हणजे भांडीकुंडी उचलून शेतात झोपड्या घालून राहावयास जावयाचे. उंदीर मेला की त्याच्या अंगावरील पिसवा माणसाकडे वळतात, हे शास्त्र त्यांना ठाऊक नसेलही, पण केलेली कृती शास्त्रशुद्ध होती.

तेव्हाचीच दुसरी एक आठवण कडू आहे. १८९७ मध्ये पुण्यात सैनिकांकरवी घरांच्या झडत्या घेण्यात आल्या, माणसे बळाने वेगळी काढण्यात आली, घरातील चीजवस्तूंचा व देवघरांचाही मान राखला गेला नाही. परिणाम असा झाला की, लोक रोगी लपवू लागले, आणि लपविलेल्या रोग्याबरोबर रोगही लपून पसरला. प्लेग अधिकारी रँड याच्या वधापर्यंत हे प्रकरण गेले. साथीच्या कामात धाक उपयोगी पडत नाही असे नाही, तथापि ज्याच्याकडून पहिली वार्ता यावयाची त्यालाच भय वाटू लागले तर वार्ता येत नाही.

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी पुन्हा गाठीच्या प्लेगची शंका आली, तीही गावात उंदीर मरू लागल्यानंतर. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांची मोठी मर झाली. आरंभी ती नेहमीच्या राणीखेत रोगाची समजली गेली. भोपाळ येथील प्रयोगशाळेने नमुने तपासले तेव्हा तो पक्ष्यांचा इन्फ्लुएन्झा, म्हणजे बर्ड फ्लू, असल्याचे निष्पन्न झाले. भारतातील या रोगाचा तो पहिला उद्रेक होता. रोगग्रस्त क्षेत्रातील कोंबड्या नष्ट करण्यात आल्या, कुक्कुटपालकांचे अतोनात नुकसान झाले, पण माणसांत रोग आढळला नाही. नेहमीच्या रोगासारखा दिसणारा रोग नेहमीचाच असतो असे धरून चालणे किती महाग पडू शकते, हे नवापूरने दाखवून दिले.

जनावरांतील सांसर्गिक रोगांचे प्रतिबंधन व नियंत्रण यासंबंधीचा केंद्र शासनाचा कायदा २००९ साली झाला असून काळपुळीचा समावेश त्याच्या अनुसूचीत आहे. या कायद्यान्वये, अनुसूचित रोगाची शंका येण्याजोगे जनावर ज्याच्या ताब्यात असेल त्याने ती गोष्ट गावच्या अधिकाऱ्यास किंवा ग्रामपंचायतीस कळविणे बंधनकारक आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००८ मध्ये जैविक आपत्तींबाबत मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. ही तत्त्वे वाचणारे थोडे असले तरी चालेल, पशुवैद्यकीय दवाखान्याचा मार्ग मात्र गावातील प्रत्येकास ठाऊक असावा. १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यासही फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते.

मृत जनावराची व्यवस्था

जनावर आकस्मिक मेले आणि शरीराच्या कोणत्याही नैसर्गिक द्वारातून रक्त येत असेल, तर ते काळपुळीने मेले असे समजूनच वागावे. मागाहून कारण दुसरेच निघाले तर उत्तमच, त्यात सावधगिरी वाया गेली असे होत नाही. रक्त आलेच पाहिजे असाही नियम नाही. शेळ्यामेंढ्या कित्येकदा चरता चरता कोसळतात व कोणतेच चिन्ह दिसत नाही. घटसर्प, फऱ्या, पोटफुगी, वीज पडणे, सर्पदंश यांपासून हा रोग नुसत्या नजरेने वेगळा ओळखणे पशुवैद्यकासही जड जाते, मग इतरांची कथा काय!

मुख्य नियम एकच आहे. जनावर फाडू नये, सोलू नये, त्याचे शिंग व शेपटीही कापू नये. खुद्द पशुवैद्यकही अशा वेळी शवविच्छेदन टाळतो. कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेऊन तो काचपट्टीवर पसरतो व ती काचपट्टी तपासणीस पाठवितो. पुणे येथील रोग अन्वेषण विभागात अशा नमुन्यांची तपासणी होते. विम्याच्या कागदपत्रांसाठी जनावर फाडून पाहण्याचा आग्रह मालकाने कदापि धरू नये. तपासणीचा निष्कर्ष व पशुवैद्यकाचा दाखला मागावा.

पशुवैद्यक येईपर्यंत शव जेथे आहे तेथेच ठेवून त्यावर ताडपत्री घालावी, अथवा बाभळीचे फाटे रचून कुत्री, डुकरे, कावळे यांपासून त्याचे रक्षण करावे. एक माणूस राखणीस बसवावा. मुले जवळ येऊ देऊ नयेत. जवळ जाणे भाग पडल्यास हातात रबरी मोजे, पायात गमबूट व नाकातोंडावर फडके असावे, आणि ज्याच्या हातापायांस जखम किंवा भेगा असतील त्याने त्या कामी मुळीच जाऊ नये. नांगरटीच्या दिवसांत भेगा नसलेले हात शेतकऱ्याच्या घरी दुर्मिळ, म्हणून मोजे अत्यावश्यक. काम झाल्यावर हात साबणाने व भरपूर पाण्याने धुवावेत.

विल्हेवाटीचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे जागच्या जागी पूर्ण जाळणे. त्यास जळण पुष्कळ लागते व ओल्या दिवसांत ते मिळणे कठीण असते, हे खरे आहे. जाळणे शक्य नसेल तर किमान ६ फूट खोल खड्डा घेऊन पुरावे. खड्डा विहीर, ओढा, तळे यांपासून दूर व पुराचे पाणी चढणार नाही अशा उंचवट्यावर असावा. शवाचे नाक, तोंड व गुदद्वार फॉर्मॅलिनच्या द्रावणात भिजविलेल्या कापसाने बंद करावे. ओढत नेऊ नये, कारण ओढताना जेथे जेथे रक्त सांडेल तेथे तेथे रोगाची पेरणी होईल. हलविणे अटळ असेल तर जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून गाडीतून न्यावे. रक्ताने भिजलेली माती खरवडून, त्याखालचे गवत, दावे व उरलेली वैरण यांसह खड्ड्यात टाकावी किंवा जाळावी. खड्ड्यात चुन्याचा थर देण्याची चाल जुनी आहे व कित्येक ठिकाणी अद्यापही तसे सांगितले जाते. परंतु चुन्यातील कॅल्शियममुळे बीजाणू टिकण्यास उलट मदतच होण्याचा संभव असल्याने जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेचा कल त्याविरुद्ध आहे. याबाबत स्थानिक पशुवैद्यक सांगेल तसे करावे. पुरलेल्या जागेभोवती काटेरी कुंपण घालून तिची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी करून ठेवणे अगत्याचे आहे. कुंपण दोन पावसाळ्यांत मोडते, पण दप्तरातील नोंद टिकते.

मांसाविषयी स्पष्टपणे बोलले पाहिजे. आजारी अथवा मेलेल्या जनावराचे मांस लोक चवीखातर खात नाहीत. ओडिशातील कोरापूटसारख्या भागात हा रोग माणसांत वारंवार दिसतो, त्याच्या मुळाशी दारिद्र्य आहे. ज्या घरात महिनोन्महिने मांस शिजत नाही, तेथे ‘फेकून द्या’ असे सांगणे सोपे व ऐकणे अवघड असते. तरीही सत्य हे आहे की, शिजविल्याने बीजाणू मरतीलच याची शाश्वती नाही, आणि त्याहून मोठा धोका ते कापणाऱ्या, धुणाऱ्या, वाटे घालणाऱ्या हातांना असतो. कातडे विकल्याने रोग दुसऱ्या तालुक्यात जातो. तसेच, मेलेली गुरे ओढण्याचे काम गावाने पिढ्यान् पिढ्या काही जातींवर लादले होते, आणि त्याबरोबर या रोगाची जोखीमही त्यांच्याच वाट्यास आली होती. १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस खाणे सोडण्याचे जे आवाहन केले, ते स्वाभिमानासाठी होते. आरोग्यशास्त्राच्या दृष्टीनेही ते सर्वस्वी योग्य होते. मृत जनावराची विल्हेवाट ही मालकाची व ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे, आणि जो कोणी मजूर या कामास लावला जाईल त्याला मोजे, गमबूट व मजुरी मिळाल्यावाचून त्याने खड्ड्यात उतरू नये.

माणसांतील लक्षणे

माणसास होणाऱ्या काळपुळीपैकी बहुतांश लागण कातडीची असते. जंतू शरीरात शिरल्यापासून साधारणतः एका आठवड्याच्या आत हात, मान किंवा चेहरा यांवर किडा चावल्यासारखी खाजरी पुळी येते. तिचा फोड होतो व फुटून मधोमध कोळशासारखी काळी खपली धरते. काळपुळी हे नाव त्यावरूनच पडले. भोवतालचा भाग बराच सुजतो, परंतु पुळी दुखत नाही. न दुखण्यामुळेच माणूस फसतो व जखमेवर झाडपाला बांधून कामावर जात राहतो. उपचारावाचून अशा रोग्यांपैकी पाचांत एकापर्यंत मृत्यू पावू शकतात. वेळीच उपचार झाल्यास मृत्यू क्वचितच येतो. पेनिसिलिन, डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन ही नेहमीची औषधे या जंतूवर चालतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत, पुळी स्वतः फोडू नये.

दूषित मांस पोटात गेल्यास ताप, ओकाऱ्या, पोटदुखी व रक्ताचे जुलाब होतात. श्वासावाटे बीजाणू गेल्यास प्रथम पडशासारखी लक्षणे दिसतात आणि एकदोन दिवसांत श्वास कोंडू लागतो. हा प्रकार सर्वांत घातक असून पूर्वी लोकर निवडणाऱ्या कामगारांत तो आढळे. रोग्यापासून दुसऱ्या माणसास हा रोग सहसा होत नाही, तेव्हा रोग्यास वाळीत टाकण्याचे काहीच कारण नाही.

डॉक्टरकडे गेल्यावर एक वाक्य न विसरता सांगावे: ‘पंधरा दिवसांत आमच्या गोठ्यात जनावर दगावले आहे आणि मी त्याला हात लावला होता.’ माणसांचा दवाखाना व गुरांचा दवाखाना ही दोन वेगळ्या खात्यांची कार्यालये आहेत. एकाची वार्ता दुसऱ्याकडे नेहमी पोहोचतेच असे नाही. पुष्कळदा ती जोडणारा दुवा खुद्द शेतकरी असतो, किंवा घरोघर फिरणारी आशा कार्यकर्ती. ज्या गावात पूर्वी हा रोग कधीच नव्हता तेथे तो एकाएकी दिसणे, निरनिराळ्या जातींची जनावरे एकाच वेळी मरणे, अथवा थोड्या दिवसांत अनेक धडधाकट माणसांना श्वासाचा तीव्र विकार होणे, या गोष्टी असाधारण समजून त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवाव्यात. संशयास्पद भुकटी असलेले पाकीट आल्यास ते हलवू किंवा हुंगू नये, आहे तेथे झाकून ठेवावे, हात साबणाने धुवावेत आणि पोलिसांना बोलवावे.

लस

प्रतिबंधक लस हा या रोगावरील जुना व भरवशाचा उपाय आहे. फ्रान्समधील पुयी-ल-फॉर या गावी १८८१ मध्ये लुई पाश्चर यांनी जाहीर प्रयोग केला. लस टोचलेल्या मेंढ्या जगल्या आणि न टोचलेल्या मेल्या. आज वापरली जाणारी लस दक्षिण आफ्रिकेत मॅक्स स्टर्न यांनी १९३० नंतरच्या दशकात तयार केलेल्या निरुपद्रवी वाणापासून बनते, व महाराष्ट्रात पुणे येथील शासकीय पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्था तिचे उत्पादन करते. ज्या गावात किंवा शेजारच्या गावात हा रोग पूर्वी झाला असेल, तेथे दरवर्षी पावसाळ्यापूर्वी सुमारे एक महिना, म्हणजे मेच्या पहिल्या पंधरवड्यात, सर्व गुरे व शेळ्यामेंढ्या टोचून घ्याव्यात.

चारपाच वर्षे एकही जनावर मेले नाही म्हणजे लस अनावश्यक वाटू लागते. रशियाच्या अतिउत्तरेकडील यमाल भागात असेच वाटून रेनडिअर नावाच्या पाळीव सांबरांचे लसीकरण २००७ मध्ये थांबविण्यात आले होते. २०१६ च्या उन्हाळ्यात तेथे असाधारण उष्णता झाली, गोठलेली जमीन नेहमीपेक्षा खोलवर वितळली आणि रोग उफाळून आला. दोन हजारांहून अधिक जनावरे मेली व बारा वर्षांचा एक मुलगा दगावला. त्यानंतर लसीकरण पुन्हा सुरू करण्यात आले.

लस ही जिवंत बीजाणूंची असते, यास्तव ज्या जनावरास पेनिसिलिन किंवा अन्य प्रतिजैविक औषध चालू असेल त्याला ती त्याच वेळी टोचू नये. औषध लसीलाच मारून टाकते. गोठ्यात एक जनावर मेल्यावर उरलेल्यांचा ताप मोजावा. ताप असलेल्यांना औषध व निरोगी असलेल्यांना लस, अशी वाटणी पशुवैद्यक करतो. उपचार झालेल्या जनावरांना लस केव्हा द्यावयाची ती तारीख त्याच्याकडून लिहून घ्यावी. आजारी जनावराचे दूध फेकून द्यावे, ते वासरालाही पाजू नये. कळप त्या कुरणातून हलवावा व बाजारास नेऊ नये. लस टोचल्यावर संरक्षण निर्माण होण्यास आठदहा दिवस लागतात, तोपर्यंत जनावरे त्या जागेकडे फिरकू देऊ नयेत. लस टोचलेले जनावर मांसासाठी काही आठवडे विकावयाचे नसते. नेमकी मुदत लसीच्या वेष्टनावर छापलेली असते, ती वाचून पाहावी.